पासबुकाच्या वाकड्या ओळी
(पीतबिंदूचे आजार आणि डोळ्याचे बिनसुईचे चित्र : एक अभ्यास)



स्मरणिकेसाठी काहीतरी उपयुक्त लिहा, असा आग्रह झाला तेव्हा आम्ही हा विषय निवडला. आम्ही डॉक्टर नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेच्या खिडकीमागे आयुष्याची वीस-बावीस वर्षे घालवलेले आम्ही एक साधे कारकून आहोत. मग डोळ्यांच्या आजारावर लिहिण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास अधिकार मुळीच नाही, हेच उत्तर आहे. मात्र आमच्या डोक्यावर एक ऋण आहे, आणि ते फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हाला सुचला नाही.

पोलादपूरकडच्या एका खेड्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक दर महिन्याला पेन्शनसाठी आमच्या खिडकीवर येत. सारे त्यांना गुरुजी म्हणत. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन तेच करीत. त्यांचा आवाज खणखणीत आणि उच्चार स्वच्छ. एके दिवशी पासबुक भरून घेतल्यावर ते म्हणाले, "अरे, तुमचं मशीन बिघडलंय. ओळी बघ कशा वाकड्या छापल्यात!" आम्ही पासबुक हाती घेऊन पाहिले. ओळी सरळच होत्या. आम्ही हसलो आणि म्हणालो, "गुरुजी, ओळी सरळ आहेत, चष्म्याचा नंबर बदला आता." रांगेतील चार माणसेही हसली. गुरुजीही हसले आणि पिशवी उचलून एस.टी. गाठायला गेले.

त्या वर्षी वर्षावासात त्यांनी ग्रंथ नातवाच्या हाती दिला. घसा बसला आहे, असे कारण सांगितले. आणखी पाच महिन्यांनी त्यांच्या मुंबईच्या मुलाने त्यांना नेऊन एका रुग्णालयात तपासले, तेव्हा कळले की घशाला काहीच झाले नव्हते. उजव्या डोळ्याच्या मध्यभागाची नजर केव्हाच गेली होती आणि डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचले होते. ज्या दिवशी ओळी वाकड्या दिसल्या, त्याच दिवशी डावा डोळा मदतीसाठी हाक मारीत होता. ती हाक प्रथम आमच्या कानी आली आणि आम्ही ती हसण्यावारी नेली. त्यानंतर डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून आम्ही जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

पीतबिंदू म्हणजे काय?

डोळ्याला कॅमेऱ्याची उपमा देतात. पुढे भिंग असते आणि मागे दृष्टिपटल, म्हणजे पडदा. भिंग गढूळ झाले की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. पडद्याच्या बरोबर मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक पिवळसर भाग असतो. त्याला पीतबिंदू म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो 'मॅक्युला' असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा निवडणे, समोरच्याचे तोंड ओळखणे, ही सारी बारीक कामे या एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. उरलेला पडदा आपल्याला आजूबाजूचे दाखवतो.

म्हणूनच पीतबिंदूचा रोगी सहसा ठार आंधळा होत नाही. तो अंगणात फिरतो, पायवाटेने चालतो, ठेच न लागता घरी येतो. मात्र समोरून आलेल्या माणसाच्या खांद्यावरचा टॉवेल त्याला दिसतो आणि तोंड दिसत नाही. घरच्यांना वाटते, म्हातारा मुद्दाम ओळख देत नाही.

आजार मुख्यतः दोन प्रकारचे ध्यानात ठेवावेत. पहिला वयोमानाचा. पन्नाशीनंतर पीतबिंदूची झीज होऊ लागते. तिचा कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत नजर नेतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना याचा धोका अधिक असतो. दुसरा आजार मधुमेहाचा. साखरेने पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात आणि त्यांतून पाणी झिरपून पीतबिंदू सुजतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. हा आता केवळ शहरातील बैठ्या माणसांचा रोग राहिलेला नाही. खुद्द बाबासाहेबांना १९४८ पासून मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती. अहोरात्र वाचणाऱ्या त्या महामानवाला त्याचे किती क्लेश झाले असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

फसगत का होते?

याची तीन कारणे आम्हाला दिसतात. पहिले, या आजारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणीही गळत नाही. दुसरे, डोळे दोन आहेत. एक अधू झाला तरी दुसरा त्याचे काम मुकाट्याने उचलतो, आणि दुसराही बिघडेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. गुरुजींचे नेमके हेच झाले. तिसरे कारण आपल्या समजुतीचे. म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले की आपण म्हणतो, मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग शिबिरात काढू. आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी लाखोंना नजर परत दिली. हे मोठे काम आहे. पण त्यामुळे डोळ्यांचा प्रत्येक आजार मोतीबिंदूच, अशी आपली समजूत झाली. मोतीबिंदू थांबतो, तो उद्याही काढता येतो. ओला पीतबिंदूविकार थांबत नाही. पाझर जुना झाला की तेथे वण पडतो आणि वण पडलेल्या जागी पुन्हा दिसू लागत नाही.

पूर्वीची तपासणी

जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहता येतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये आपल्या उपकरणाने जगाला दाखवले. पुढे कॅमेऱ्याने पडद्याचे छायाचित्र घेता येऊ लागले. १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील नोवोटनी आणि अल्विस या दोघा तरुणांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. दंडाच्या शिरेत चमकणारा रंग टोचायचा आणि तो पडद्याच्या रक्तवाहिन्यांतून वाहताना भराभर चित्रे घ्यायची. रक्तवाहिनी कोठे पाझरते, ते त्यात दिसते. ही तपासणी आजही काही रुग्णांना लागते. परंतु तिच्यात सुई आहे, काहींना मळमळ होते, क्वचित कोणाला रंगाची तीव्र रिॲक्शन येते. त्यामुळे ती गावोगाव, वारंवार, सहज करण्याजोगी नाही.

बिनसुईचे चित्र

१९९१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील जेम्स फुजिमोटो, त्यांचा विद्यार्थी डेव्हिड हुआंग, अभियंता एरिक स्वान्सन आणि त्यांचे सहकारी यांचे ते संशोधन होते. त्यांनी शोधलेल्या पद्धतीला ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, थोडक्यात ओ.सी.टी. म्हणतात. १९९६ मध्ये तिचे यंत्र बाजारात आले. २०२३ साली या तिघांना वैद्यकशास्त्रातील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

ही पद्धत समजावी म्हणून आपल्या भागातला दाखला घेऊ. रस्त्यावरून डोंगराकडे पाहिले तर वरचे हिरवे गवत आणि झाडे दिसतात. महामार्गाच्या रुंदीकरणात तोच डोंगर उभा कापला की वर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ, असे थर उघडे पडतात आणि कोणत्या थरातून पाणी झिरपते, तेही दिसते. पडद्याचे साधे छायाचित्र म्हणजे वरून पाहिलेला डोंगर. ओ.सी.टी. म्हणजे कापलेल्या डोंगराची बाजू. येथे कापाकाप मात्र कशाचीच होत नाही. ते काम प्रकाश करतो.

हे कसे घडते? दरीच्या काठावर उभे राहून हाक मारली की समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो. तो यायला किती वेळ लागला, यावरून कडा किती लांब ते कळते. पोटाची सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते. ओ.सी.टी. आवाजाऐवजी प्रकाशाचा प्रतिध्वनी ऐकते, असे म्हणा. परंतु प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. डोळ्याच्या आतून परत यायला त्याला लागणारा वेळ कोणत्या साध्या घड्याळाने मोजणार? म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती केली. एकाच प्रकाशाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात आणि दुसरा ठरावीक अंतरावरच्या आरशाकडे पाठवायचा. दोन्ही परत आले की एकत्र करायचे. तळ्यात दोन खडे टाकले की त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळून कोठे उंच होतात, कोठे विरून जातात. प्रकाशाचेही तसेच होते. त्या मिसळण्यावरून कोणता प्रकाश किती खोलवरून आला, ते संगणक काढतो. अशी हजारो मोजमापे एका सेकंदात घेऊन तो थरांचे चित्र उभे करतो.

मध्यभागी आपला पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. तरीही डॉक्टर त्याचे दहा थर सांगतात. आजची यंत्रे एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका बारीक फरक दाखवतात. थरांत वा थरांखाली पाणी साचले असेल तर चित्रात तेथे काळा डाग दिसतो. सूज किती, भोक पडले आहे काय, वरून पातळ पापुद्रा ओढला गेला आहे काय, हे सारे कळते. अलीकडे याच पद्धतीने, रंग न टोचता, वाहत्या रक्तपेशींच्या हालचालीवरून रक्तवाहिन्यांचा नकाशाही काढता येतो. पडद्याची स्वतःची मंद चमक टिपून झिजलेल्या जागा दाखवणारी आणखी एक तपासणी आहे.

रुग्णाला काय करावे लागते? हनुवटी आधारावर टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचे आणि आतल्या लहान दिव्याकडे पाहत राहायचे. यंत्र डोळ्याला स्पर्शही करीत नाही. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, वेदना नाही. काही मिनिटांत काम होते. कधी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे अंधुक दिसते आणि उजेड खुपतो. म्हणून सोबत कोणीतरी न्यावे आणि त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवत घाट चढू नये.

चित्राच्या मर्यादा

खोटी आशा देणे बरे नव्हे. चित्र म्हणजे उपचार नव्हे. ओल्या प्रकारात आणि मधुमेही सुजेत डोळ्याच्या आत औषधाची इंजेक्शने देतात. सुरुवातीला ती साधारणतः महिन्याच्या अंतराने असतात. या औषधांपैकी रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली आणि २०१५ पासून त्याची भारतीय आवृत्तीही उपलब्ध झाली. त्यांनी पाझर थांबतो, पुष्कळांची नजर टिकते, काहींची सुधारते. पण पडलेला वण पुसत नाही.

मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आत पोचत नाही आणि चित्र नीट येत नाही. उलट शस्त्रक्रियेपूर्वी चित्र काढता आले तर पडदा निरोगी आहे की नाही, ते कळते. मोतीबिंदू काढूनही नजर आली नाही की आपण डॉक्टरला दोष देतो. दोष कित्येकदा भिंगामागच्या पडद्याचा असतो. शेवटी, चित्र यंत्र काढते, पण त्याचा अर्थ तज्ज्ञच लावतो.

मुंबईतील एक प्रयोग

हे सारे महागडे यंत्र शहरात, आणि आपण बिरवाडी, विन्हेरे, कापडे, उमरठ अशा गावांत. मग आपल्याला याचा काय उपयोग, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून मुंबईतील एका प्रयोगाची माहिती देतो. नेत्रतज्ज्ञ डॉ. सुंदरम नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या पडद्याची छायाचित्रे मोबाइल फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेतली. ही छायाचित्रे आरोग्यसेवकांनी घेतली. फोनमधील संगणकीय प्रणालीने ती इंटरनेटशिवाय, तेथल्या तेथे तपासली. २०१९ साली 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २१३ रुग्णांच्या चित्रांत, तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक होते असा एकही रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. काही निरोगी माणसांना तिने विनाकारण संशयित ठरवले, हेही खरे. पण संशय खोटा निघाला तर एक फेरी वाया जाते, आणि आजार नजरेतून सुटला तर डोळा जातो.

ही तपासणी मधुमेहाने बिघडलेल्या पडद्याची होती, वयोमानाच्या विकाराची नव्हे. शिवाय साध्या छायाचित्रात सूज किती जाड आहे ते कळत नाही, त्यासाठी ओ.सी.टी. लागतेच. तरीही आपल्या दृष्टीने यातील एक गोष्ट मोलाची आहे. जेथे मोबाइलला रेंज नाही, अशा दऱ्याखोऱ्यांतील गावातही पहिली चाळणी लावता येईल. सगळ्यांनी मुंबई गाठण्याची गरज नाही. ज्याच्या चित्रात संशय आहे, त्यानेच जावे. आपल्याकडे एका फेरीचा अर्थ दिवसाची मजुरी, दोन माणसांचे भाडे आणि पावसाळ्यात घाटाची धास्ती, असा असतो. डोळ्यांची शिबिरे भरवणाऱ्या आपल्या मंडळांनी यापुढे केवळ मोतीबिंदूची यादी करून थांबू नये. पडद्याचे छायाचित्र घेणारी सोय शिबिरात आणता येईल काय, असे आयोजकांना विचारावे.

आपण काय करावे?

यंत्र येईल तेव्हा येईल. तोपर्यंत घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी अशा :

१. मुलांची चौकटींची गणिताची वही घ्यावी. पानाच्या मध्यभागी ठळक टिंब काढावे. वाचायचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, वाचताना धरतो तेवढ्या अंतरावर ती धरावी. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने टिंबाकडे पाहावे, मग डोळा बदलावा. ओळी वाकलेल्या, तुटलेल्या वा पुसलेल्या दिसल्या तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्सलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकटीचे हे घरगुती रूप आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हे महिन्यातून एकदा करावे. पेन्शनचा दिवस त्यासाठी सोयीचा.

२. मधुमेह आहे असे कळले की नजर उत्तम असली तरी पडद्याची तपासणी करावी आणि पुढे दरवर्षी करावी. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावा.

३. विडी, सिगारेट सोडावी. जाहिरात पाहून डोळ्यांच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

४. मोतीबिंदू काढण्यापूर्वी "डॉक्टर, पडदा कसा आहे?" हा एक प्रश्न अवश्य विचारावा. विचारण्यात संकोच कसला?

५. डोळ्याचे प्रत्येक चित्र फाइलला लावून जपून ठेवावे. बँकेत एका नोंदीवरून खात्याची स्थिती कळत नाही, मागच्या नोंदी पाहाव्या लागतात. डोळ्याचेही तसेच आहे. मागच्या महिन्याच्या आणि या महिन्याच्या चित्रात पाणी वाढले की ओसरले, हे पाहूनच डॉक्टर पुढचे इंजेक्शन ठरवतात. फाइल हरवली की तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

गुरुजींच्या डाव्या डोळ्याला इंजेक्शने झाली. पाणी ओसरले. उजवा डोळा परत आला नाही. भिंग धरून ठळक अक्षर ते आता हळूहळू वाचतात. ग्रंथवाचन नातू करतो आणि गुरुजी शेजारी बसून उच्चार चुकला की थांबवतात. मध्यंतरी ते खिडकीवर आले तेव्हा आम्ही धीर करून त्या दिवसाच्या हसण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, मला तरी कुठं ठाऊक होतं? आता ठाऊक झालंय, तर चार जणांना सांग."

आता कोणी आमच्या खिडकीवर येऊन ओळी वाकड्या दिसतात म्हणाले, तर आम्ही हसत नाही. खुर्चीवर बसवून एक डोळा झाकायला सांगतो. वाचकांपैकी प्रत्येकाने आपल्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाला आज वही दाखवून विचारावे, "आजी, आजोबा, ओळी सरळ दिसतात ना?" एवढे घडले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही मानू.